इंग्रजी साहित्यातल्या संज्ञा ओळखायच्या कशा: अँटनीच्या एका भाषणावर सराव

बारावीला किंवा बी.ए.ला इंग्रजी घेतलेले विद्यार्थी परीक्षेआधी जी यादी पाठ करतात ती बहुतेक सगळीकडे सारखीच असते. सिमिली म्हणजे ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ वापरून केलेली तुलना, मेटाफर म्हणजे ते शब्द न वापरता केलेली तुलना, हायपर्बली म्हणजे अतिशयोक्ती. अशा तीस-चाळीस व्याख्या तोंडपाठ असतात आणि त्या चुकीच्याही नसतात. अडतं ते पुढे. न वाचलेला उतारा समोर आला की यादीतली कुठली संज्ञा इथे लागू होते ते कळत नाही. कळलीच, तर नाव लिहून झाल्यावर पुढे काय लिहायचं ते सुचत नाही.

म्हणून उलट बाजूने सुरुवात करू. एकच उतारा घ्यायचा, तो सावकाश वाचायचा आणि ज्या ठिकाणी भाषा काही विशेष करते तिथे थांबून त्या करणीला नाव द्यायचं. एक उतारा असा नीट वाचला की वीसेक संज्ञा कायमच्या लक्षात राहतात, कारण प्रत्येक संज्ञेला एक प्रसंग चिकटलेला असतो.

यासाठी मी शेक्सपियरच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकातलं मार्क अँटनीचं भाषण निवडलं आहे: तिसरा अंक, दुसरा प्रवेश. नाटक १५९९ च्या सुमाराचं. हा उतारा निवडायला कारण आहे. इ.स.पू. ४४ च्या मार्च महिन्यात सीझरची हत्या होते. कटवाल्यांपैकी ब्रूटस लोकांसमोर येऊन हत्येचं कारण सांगतो आणि लोकांना ते पटतं. मग तो सीझरच्या मित्राला, अँटनीला, प्रेताजवळ बोलायची परवानगी देतो, पण अट घालून: सीझरबद्दल हवं तेवढं चांगलं बोल, आम्हाला दोष द्यायचा नाही. भाषण संपतं तेव्हा लोक ब्रूटसचं घर जाळायला निघालेले असतात. उघड आरोप करायला बंदी असताना अँटनीने हे घडवलं, म्हणजे सगळं काम भाषेच्या रचनेनेच केलं. अलंकार हा बोलण्यावरचा दागिना नसून ते बोलण्याचं हत्यार आहे, हे दाखवणारा याहून चांगला उतारा मला ठाऊक नाही.

वाचण्याआधी: चार प्रश्न

प्रत्येक ओळीला हे चार प्रश्न विचारायचे. कानाला काही वेगळं लागतं का? एखादा शब्द नेहमीच्या अर्थापासून हलला आहे का? शब्दांचा क्रम किंवा मांडणी मुद्दाम केलेली दिसते का? आणि बोललेलं एक, सुचवलेलं दुसरं, असं आहे का?

पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तर ॲलिटरेशन (अनुप्रास), ऱ्हाइम (यमक), मीटर (छंद) या नादाच्या गटात शोधा. दुसऱ्याचं आलं तर सिमिली, मेटाफर, मेटोनिमी, पर्सॉनिफिकेशन. तिसऱ्याचं आलं तर ॲनाफोरा, अँटिथिसिस, कायॅझमस. चौथ्याचं आलं तर आयरनी आणि तिची भावंडं. जुन्या पाश्चात्त्य अलंकारशास्त्रात दुसऱ्या गटाला ट्रोप आणि तिसऱ्याला स्कीम म्हणतात: ट्रोपमध्ये अर्थ हलतो, स्कीममध्ये मांडणी. एवढा एक भेद पक्का झाला तरी निम्मा गोंधळ मिटतो.

पहिली पायरी: कोण, कोणाशी, कशासाठी

संज्ञेकडे वळण्याआधी बोलणारा कोण आणि ऐकणारे कोण ते समासात लिहा. कविता असेल तर बोलणाऱ्याला ‘स्पीकर’ म्हणा, ‘पोएट’ म्हणू नका. कवितेतला ‘मी’ हा कवीच असतो असं नाही, आणि परीक्षक हा फरक बघतात.

इथे दोन वक्ते आहेत आणि दोघांची सुरुवातच सगळं सांगते. ब्रूटस म्हणतो, ‘रोमन्स, कंट्रीमेन, अँड लव्हर्स’. अँटनी म्हणतो, ‘फ्रेंड्स, रोमन्स, कंट्रीमेन, लेंड मी युअर इअर्स’. ब्रूटस आधी नागरिक म्हणून हाक मारतो, अँटनी आधी मित्र म्हणून. ब्रूटस गद्यात बोलतो, अँटनी पद्यात. अँटनीच्या तीन हाकांमधली अक्षरं मोजा: फ्रेंड्स एक, रोमन्स दोन, कंट्रीमेन तीन. तीन घटकांच्या अशा मांडणीला ट्रायकोलन म्हणतात. मध्ये ‘अँड’ नाही, म्हणून हे असिंडेटनही आहे. ‘अँड’ गाळल्याने हाक वेगाने येते आणि गर्दीचा आवाज कापत जाते. त्या क्षणी लोक गोंगाट करत आहेत, हे लक्षात ठेवलं की शेक्सपियरने ‘अँड’ का गाळला ते वेगळं सांगावं लागत नाही.

मीटर: मराठी कानाला इथे अडखळायला होतं

आपण वृत्त शिकतो ते लघु-गुरूंनी किंवा मात्रांनी, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेने. इंग्रजी छंद चालतो तो आघाताने, म्हणजे कुठल्या अक्षरावर जोर पडतो त्यावर. मराठीत आघाताने अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला त्याची सवय नसते. उपाय एकच: ओळ मोठ्याने म्हणा आणि जोर पडेल तिथे टेबलावर बोट आपटा.

‘दि ईव्हल दॅट मेन डू लिव्ह्ज आफ्टर देम’ ही ओळ दहा अक्षरांची आहे. एक हलकं, एक जोराचं अशा जोडीला आयाम्ब म्हणतात आणि पाच जोड्यांच्या ओळीला आयाम्बिक पेंटामीटर. हा छंद यमकाशिवाय चालवला की ब्लँक व्हर्स. फ्री व्हर्स वेगळं: त्यात छंदाचाही नियम नसतो. या दोहोंची अदलाबदल उत्तरपत्रिकांमध्ये फार दिसते.

आता ‘फ्रेंड्स, रोमन्स’ पुन्हा म्हणून बघा. सुरुवातीलाच दोन जोराची अक्षरं लागोपाठ येतात, आयाम्ब मोडतो. नियम जिथे मोडला तिथे कवीला काहीतरी म्हणायचं असतं, म्हणून मीटरवर लिहिताना नियमापेक्षा अपवादाकडे लक्ष द्या.

दुसरी पायरी: अर्थ हलला आहे का

‘लेंड मी युअर इअर्स’. कान उसने मागितलेले नाहीत, लक्ष मागितलं आहे. कानाचा लक्षाशी संबंध आहे, साम्य नाही. संबंधावरून एक शब्द दुसऱ्याच्या जागी आला की ती मेटोनिमी. साम्यावरून आला तर मेटाफर. ‘दिल्लीने मागणी फेटाळली’ असं आपण म्हणतो तेव्हा दिल्ली आणि केंद्र सरकार यांत साम्य नसतं, जागेचा संबंध असतो. शाळेच्या व्याकरणात लक्षणा शिकवताना ‘बाबा ताटावर बसले’ हे उदाहरण असतं, तेही याच जातीचं. भाग सांगून पूर्ण वस्तू सुचवली तर सिनेकडकी: ‘घरात खाणारी सहा तोंडं आहेत’. काही अभ्यासक सिनेकडकीला मेटोनिमीचाच एक प्रकार मानतात. म्हणून उत्तरात नावावर अडून न बसता संबंध कुठला आहे तो लिहा. संबंध बरोबर सांगितला की उत्तर भक्कम होतं.

सिमिली आणि मेटाफर यांतला फरक या नाटकात फार सुंदर दिसतो. आदल्याच प्रवेशात अँटनी सीझरच्या प्रेताजवळ एकटा असतो. तेव्हा तो म्हणतो की या जखमा ‘लाइक डम माउथ्स’, मुक्या तोंडांसारख्या उघडल्या आहेत. ही सिमिली. पुढच्या प्रवेशात लोकांसमोर त्याच जखमांना तो थेट ‘पुअर, पुअर डम माउथ्स’ म्हणतो आणि त्यांना माझ्या वतीने बोलायला सांगतो. ‘लाइक’ गेला, मेटाफर झाला. त्याही पुढे तो म्हणतो, मी ब्रूटससारखा वक्ता असतो तर सीझरच्या प्रत्येक जखमेत एक जीभ घातली असती आणि रोमच्या दगडांनीसुद्धा बंड केलं असतं. एकटा असताना तुलना, गर्दीसमोर एकरूपता, आणि शेवटी त्या तोंडांना जीभ. एकच प्रतिमा अशी चढत जाते. रसग्रहणात हा प्रवास दाखवता आला की साधं उत्तर आणि चांगलं उत्तर वेगळी पडतात.

उपमा आणि सिमिली जवळपास एकच आहेत. उत्प्रेक्षेसाठी इंग्रजीत रोजच्या वापरातलं वेगळं नाव नाही. ‘ॲज इफ’ने आलेली कल्पना सिमिलीतच धरली जाते. रूपक आणि मेटाफर मात्र तंतोतंत जुळत नाहीत. आपल्या रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही वाक्यात असतात. इंग्रजी मेटाफर नुसत्या क्रियापदातही लपतो: ‘प्राइसेस आर क्लाइंबिंग’ म्हटलं की किमती चढणाऱ्या झाल्या, पण कोणासारख्या ते कुठे लिहिलेलं नाही. उपमेयाला टेनर आणि उपमानाला व्हेइकल ही नावं आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ मध्ये रूढ केली. अवघड मेटाफर सोडवताना कागदावर दोन रकाने करून टेनर डावीकडे, व्हेइकल उजवीकडे लिहा. टेनर शब्दांत सापडत नसेल तर संदर्भातून काढा.

आणखी एक सावधगिरी. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसला की सिमिली, असं होत नाही. ‘ही इज ॲज टॉल ॲज हिज ब्रदर’ ही नुसती मोजणी आहे. सिमिलीत दोन गोष्टी वेगवेगळ्या जातीच्या लागतात.

‘ओ जजमेंट, दाउ आर्ट फ्लेड टु ब्रुटिश बीस्ट्स’ या ओळीत किती काय आहे बघा. समोर नसलेल्या, अमूर्त गोष्टीला थेट हाक मारली म्हणून अपॉस्ट्रॉफी. विवेकबुद्धी पळून गेली म्हटलं म्हणून पर्सॉनिफिकेशन, म्हणजे आपली चेतनगुणोक्ती. ‘ब्रुटिश’मध्ये ब्रूटसचं नाव ऐकू येतं म्हणून पन, म्हणजे श्लेष. आणि शेजारी ‘बीस्ट्स’ आल्याने ॲलिटरेशनही. एका ओळीत एकच अलंकार असतो असं धरून चालू नका. मात्र उत्तरात चारही नावं ओतू नका. त्या जागी सगळ्यात जास्त काम कोण करतं ते निवडा. माझं मत ‘ब्रुटिश’ला: उघड दोष द्यायला बंदी असलेला माणूस दोष अशा प्रकारे देतो.

तिसरी पायरी: मांडणी

इथे ब्रूटसकडे परत जावं लागतं, कारण मांडणीचा मोठा कारागीर तोच आहे. ‘नॉट दॅट आय लव्ह्ड सीझर लेस, बट दॅट आय लव्ह्ड रोम मोर’. लेस विरुद्ध मोर, सीझर विरुद्ध रोम: ही अँटिथिसिस. पुढे तो म्हणतो की सीझरने माझ्यावर प्रेम केलं म्हणून मी रडतो, तो भाग्यवान होता म्हणून आनंद मानतो, तो शूर होता म्हणून त्याचा मान राखतो, पण तो महत्त्वाकांक्षी होता म्हणून मी त्याला मारलं. चार तुकडे एकाच साच्यात, म्हणून पॅरलेलिझम. प्रत्येक तुकडा ‘ॲज’ने सुरू होतो, म्हणून ॲनाफोरा.

आता बारकाईने पाहा. साचा इतका समतोल आहे की चौथा तुकडाही पहिल्या तिघांइतकाच सिद्ध झालाय असं वाटतं. महत्त्वाकांक्षेचा पुरावा ब्रूटस एकही देत नाही. पुराव्याची जागा मांडणीने भरली आहे. स्कीमवर लिहिताना ‘वाक्य आकर्षक होतं’ एवढ्यावर थांबू नका. तिने काय खरं वाटायला लावलं ते विचारा.

ॲनाफोरात शब्द सुरुवातीला परत येतो, एपिस्ट्रफीत शेवटी. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या भाषणातलं वाक्यारंभी पुन्हा पुन्हा येणारं ‘आय हॅव अ ड्रीम’ हा ॲनाफोरा. लिंकन यांच्या १८६३ च्या गेटिसबर्ग भाषणातलं ‘ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल’ ही एपिस्ट्रफी. कायॅझमसमध्ये क्रम उलटतो. केनेडी यांच्या २० जानेवारी १९६१ च्या भाषणात आधी देश तुमच्यासाठी काय करेल आणि मग तुम्ही देशासाठी काय कराल, असा उलटा फेरा आहे; शब्दही तेच उलटून आल्यामुळे त्याला नेमकं नाव अँटिमेटाबली.

चौथी पायरी: बोललेलं आणि सुचवलेलं

‘आय कम टु बरी सीझर, नॉट टु प्रेझ हिम’. स्तुती करायला आलो नाही असं सांगून तो पुढे स्तुतीच करतो. अमुक बोलणार नाही असं म्हणत तेच बोलणं याला पॅरालिप्सिस म्हणतात. सीझरच्या मृत्युपत्राच्या वेळी हे टोकाला जातं. तो म्हणतो की मी ते वाचणार नाही, सीझरचं तुमच्यावर किती प्रेम होतं हे तुम्हाला न कळलेलंच बरं, तुम्ही त्याचे वारस आहात हेही न कळलेलं बरं. वारस असल्याचं तिथल्या तिथे कळलं. नंतर लोकांच्याच आग्रहावरून तो मृत्युपत्र वाचतो आणि प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा मिळणार असं जाहीर करतो.

मग ते प्रसिद्ध पालुपद: ब्रूटस म्हणतो सीझर महत्त्वाकांक्षी होता, ‘अँड ब्रूटस इज ॲन ऑनरेबल मॅन’. पहिल्यांदा हे वाक्य खरंच आदराचं वाटतं. दोन पालुपदांच्या मध्ये अँटनी एकेक पुरावा ठेवत जातो: युद्धकैद्यांच्या खंडणीने सरकारी खजिना भरला, गरीब रडले तेव्हा सीझरही रडला, तीनदा मुकुट दिला आणि तीनदा त्याने नाकारला. दर वेळी तेच शब्द येतात आणि दर वेळी त्यांतला आदर ओसरतो. ही व्हर्बल आयरनी. व्याजस्तुती ठाऊक असेल तर हे लगेच कळेल. ‘वॉज धिस ॲम्बिशन?’ हा रेटॉरिकल क्वेश्चन. उत्तर लोकांच्या तोंडून हवं आहे, म्हणून तो स्वतः देत नाही.

आयरनीचे आणखी दोन प्रकार याच नाटकात सापडतात. सिनेटकडे जाताना सीझर ज्योतिष्याला म्हणतो, तुझी ती १५ मार्च आली की! ज्योतिषी म्हणतो, आली, पण सरली नाही. कट प्रेक्षकांना ठाऊक आहे, सीझरला नाही: ड्रॅमॅटिक आयरनी. आणि ब्रूटसने ज्या एकाधिकाराच्या भीतीने सीझरला मारलं, त्याच ब्रूटसचं भाषण ऐकून गर्दीतला एक जण ओरडतो, ‘लेट हिम बी सीझर!’ घडायला हवं होतं त्याच्या नेमकं उलट घडलं: सिच्युएशनल आयरनी. मला हे चार शब्द सगळ्या नाटकात सर्वांत भयंकर वाटतात.

ॲरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले: ईथॉस, म्हणजे वक्त्याबद्दलचा विश्वास, पेथॉस, म्हणजे श्रोत्यांची भावना, लोगॉस, म्हणजे युक्तिवाद. मी वक्ता नाही, साधासुधा सरळ माणूस आहे, असं अँटनी म्हणतो तो ईथॉस. मुकुट आणि खजिना हा लोगॉस. ‘माझं काळीज त्या शवपेटीत सीझरपाशी आहे, ते परत येईपर्यंत मला थांबू द्या’ म्हणत तो गप्प होतो, तो पेथॉस. त्या थांबण्यात गर्दी आपापसांत बोलू लागते आणि मत बदलू लागते.

सीझरचा झगा दाखवताना तर तो कुठल्या भोकातून कोणाचा खंजीर गेला तेही सांगतो. हत्येच्या वेळी त्याला तिथून बाहेर नेलेलं होतं, त्याने काहीच पाहिलेलं नाही. पण फाटलेलं कापड डोळ्यांसमोर आहे, म्हणून कोणी विचारत नाही. इमेजरी शिकवताना मी नेहमी याच जागेकडे बोट दाखवते: इंद्रियांना जाणवणारा तपशील पुराव्यासारखा पचतो.

या भाषणात कमी सापडणाऱ्या काही संज्ञा

ॲलिटरेशन आवाजाचं असतं, स्पेलिंगचं नाही. ‘फोन’ आणि ‘फायर’ जुळतात, ‘सिटी’ आणि ‘कॅट’ जुळत नाहीत, इंग्रजीत दोन्ही एकाच अक्षराने लिहिले तरी. यमक तपासतानाही डोळ्यावर विसंबू नका: ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ लिहायला जुळतात, म्हणायला नाही, त्याला आय ऱ्हाइम म्हणतात. स्वर परत आले तर असोनन्स, व्यंजनं परत आली तर कॉन्सोनन्स. ऑनोमॅटोपिया म्हणजे आपले खळखळ, सळसळ असे नादानुकारी शब्द.

ऑक्झिमोरॉन आणि पॅरडॉक्स दोन्हींत विरोधाभास असतो. ऑक्झिमोरॉन दोन-तीन शब्दांत बसतो, जसं मिल्टनचं ‘डार्कनेस व्हिजिबल’. पॅरडॉक्सला पूर्ण विधान लागतं, जसं वर्ड्‌स्वर्थचं ‘द चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन’. टोन हा बोलणाऱ्याचा सूर, मूड हा वाचणाऱ्याच्या मनात तयार होणारा भाव. थीम एका शब्दात लिहू नका: ‘सत्ता’ हा विषय झाला, ‘सत्तेच्या भीतीने केलेली हिंसा नवी सत्ता जन्माला घालते’ ही थीम.

शेवटची पायरी: उत्तर लिहिणं

प्रत्येक संज्ञेसाठी तीन गोष्टी लागतात: नाव, ओळीतले नेमके शब्द, आणि त्या शब्दांनी त्या जागी काय केलं. तिसरी गोष्ट बहुतेक उत्तरांत नसते. ‘द पोएट यूजेस आयरनी टु मेक द स्पीच ब्यूटिफुल’ हे वाक्य कुठल्याही भाषणाला चिकटवता येतं, म्हणून ते निरुपयोगी. त्याऐवजी असं लिहा: ‘ईच टाइम अँटनी रिपीट्स “ऑनरेबल मॅन”, ही हॅज जस्ट गिव्हन अ फॅक्ट अगेन्स्ट ब्रूटस, सो द वर्ड स्लोली टर्न्स इंटू अ‍ॅन ॲक्युझेशन.’ इंग्रजी साधंच आहे. पण हे वाक्य दुसऱ्या कुठल्या उताऱ्याला लावता येणार नाही. स्वतःचं प्रत्येक वाक्य याच कसोटीवर तपासा.

‘ब्यूटिफुल’, ‘इफेक्टिव्ह’, ‘इंटरेस्टिंग’ हे शब्द खोडा आणि ‘सजेस्ट्स’, ‘कॉन्ट्रास्ट्स’, ‘बिल्ड्स’, ‘अंडरकट्स’, ‘डिलेज’ अशी क्रियापदं वापरा. क्रियापद आलं की त्या अलंकाराने काय केलं हे लिहावंच लागतं.

सरावाला ब्रूटसचं पूर्ण भाषण घ्या. ते लहान आहे. आधी मोठ्याने वाचा, मग चार प्रश्न विचारत पेन्सिलने खुणा करा आणि संज्ञांची नावं सगळ्यात शेवटी लिहा. त्याच्या भाषणात ‘इफ एनी, स्पीक, फॉर हिम हॅव आय ऑफेंडेड’ हे तीनदा येतं. ते आव्हान आहे, विनंती आहे की गर्दीला गप्प करण्याची युक्ती, यावर पाच ओळी लिहा.